आपण चिक्कू आहोत का?

प्रिय सानू,

परवा तुझ्या मैत्रिणीने आपल्या फ्रीजमधला आइस्क्रीमचा डबा उघडला आणि आत भिजवलेली मटकी निघाली. ती हसली, तूही हसलीस. पण रात्री झोपताना विचारलंस, "आई, आपण चिक्कू आहोत का? की तुम्ही गरीब होतात?" मी "झोप आता" म्हणून दिवा घालवला. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय. मोठ्यांदा वाच, अडलं तर बाबाला विचार.

गरीब नव्हतो गं. नानाआजोबांचा पगार 20 तारखेपर्यंत पुरायचा आणि पुढचे दिवस आजी रेटायची. तुमच्या शाळेत ज्याला रिसायकल म्हणतात, ते बहुतेक त्याच दिवसांत घडायचं. कालच्या पोळ्या कुस्करून फोडणीची पोळी. साय साठवून विरजण, त्याचं लोणी, ताकाची कढी. लोणी कढवून तूप गाळलं की पातेल्याच्या तळाशी तपकिरी बेरी उरायची. तीवर साखर घालून मी आणि मोठा मामा चमच्याने खरवडून खायचो आणि शेवटच्या चमच्यावरून मारामारी करायचो. तुला ती जळकी वाटेल कदाचित. एकदा चाखून बघ, नाही आवडली तर राहू दे.

मे महिना संपत आला की नानाआजोबा जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढायचे, गठ्ठा ठोकून सारखा करायचे, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचे. एकाच वहीत एकेरी, दुरेघी, चौकटीची अशी सगळी पानं. माझं गणित चौकटीत सुरू होऊन दुरेघीत संपायचं आणि बाई ओरडायच्या. बालभारतीची पुस्तकं आधी मामाची, मग माझी, मग सुमीमावशीची. रिकाम्या जागा मामाने आधीच भरून ठेवलेल्या, निम्म्या चुकीच्या. कव्हरं कालनिर्णयच्या जुन्या पानांची, म्हणून भूगोलावर ऑगस्ट आणि इतिहासावर डिसेंबर. मला हे सांगताना छान वाटतं. मावशीला विचारलंस तर ती अजून चिडते, कारण तिच्या वाट्याला कोऱ्या पुस्तकाचा वास कधी आलाच नाही. तिचंही खरंच आहे.

आणि बोहारीण! दुपारी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या बोळात तिची हाक आली की आजी बोचकं घेऊन ओट्यावर. स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे. बोहारीण एकेक शर्ट उजेडाला धरायची, काखेतल्या शिवणीत बोट घालून कापड किती विरलंय ते बघायची. आजी झाकणाच्या डब्यावर अडलेली, ती वाटीवर. तासाभराने एक साडी वाढवून डबा घरात यायचा. आता तुझ्या शाळेच्या डब्यात जी खोलगट डबी असते ना, ती तसलीच.

पण तिला पाणी ओंजळीत, वरून ओतून मिळायचं. घरात कधी बोलावलं नाही, नाव कुणी विचारलं नाही. मला तेव्हा त्यात काही खटकलंही नाही. पुढे पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा कळलं की कचरा वेचणाऱ्या बायकांची आणि भंगार गोळा करणाऱ्यांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 पासूनची. त्या बायकांच्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर नाव होतं. तेव्हा मला आमचा ओटा आठवला. म्हणून आमचे लोक किती काटकसरी, किती शहाणे, असं मी तुला ऐकवणार नाही.

ओटीच्या ब्लाउजपीसचं तर बोलायलाच नको. ते कुणी शिवत नाही, ते नुसतं घरोघर फिरतं. आजी कोपऱ्यात पेन्सिलीने देणारीचं नाव लिहायची, म्हणजे तिचं तिलाच परत जायला नको.

इथे फ्रँकफर्टला आपण वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत कचरा वाटतो, काच रविवारी टाकत नाही, कारण आवाज होतो. आजी आली होती तेव्हा तिला बाटल्यांचं यंत्र भारी आवडलं. प्लास्टिकची बाटली घातली की 25 सेंट. "पण घासाघीसच नाही, मग मजा काय?" असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन गेली. आणि मी? आइस्क्रीमचा डबा जपते आणि तीन मापांचे बूट मागवून दोन परत पाठवते. सांगलीत टाकण्यासारखं मुळात घरात यायचंच कमी. तेव्हा चिक्कू म्हणायचं तर म्हण, पण आम्हाला सवय लागली ती पृथ्वीच्या काळजीने नाही, हे मात्र तुमच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये खरं लिही.

आता एक कामाचं. आजीने तिच्या जुन्या सुती साड्या काढून ठेवल्यात, तुझ्यासाठी गोधडी शिवून घ्यायचीय. तू झालीस तेव्हा तुझी दुपटीही तिने जुनेराचीच आणली होती, नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. काठ हिरवा हवा की किरमिजी, ते विचारतेय. तुला आपली रजाईच बरी वाटत असेल तर तसं सांग, ती रागावणार नाही. म्हणजे रागावेल, पण ते मी बघते. फक्त रविवारच्या फोनआधी सांग.

तुझी,
आई