मधावर संशोधन करू पाहणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. मध आणि प्रोपोलिस (माशा पोळ्याच्या फटी बुजवतात तो चिकट पदार्थ) यांच्या औषधी उपयोगांवर पीएच.डी. करायची आहे आणि घरचे विचारतात, ‘मधात आता नवीन काय शोधणार?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे, रागावू नकोस. सुश्रुतांनी जखमेवर मध-तूप सांगितलं, घरोघरी खोकल्याला आल्याच्या रसात मध देतात. मध गुणकारी असतो, एवढंच सांगायला कुणी फेलोशिप देणार नाही. कुठला मध, कशावर आणि कशाच्या तुलनेत, हे काम मात्र अजून ढीगभर पडलं आहे.

पहिला प्रयोग तू बहुधा अगारचाच, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचाच करशील. बशीतल्या जेलीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जखमेत पू करणारे जंतू पसरायचे, भोकं पाडायची, त्यात मध भरायचा आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडं दिसतं, तिथे जंतू वाढलेले नसतात. ते पाहून हुरळून जायला होतं. पण शेजारच्या भोकात ग्लुकोज-फ्रुक्टोजचा तेवढाच दाट पाक हवा. त्यानेही कडं दिलं, तर तेवढं श्रेय साखरेचं, कारण दाट साखर जंतूंमधलं पाणी ओढून घेते. तिसऱ्या भोकात कॅटालेज हे विकर (एन्झाइम) घातलेला मध हवा. कामकरी माशी मकरंदात स्वतःच्या ग्रंथीतलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे दुसरं विकर मिसळते. मध पातळ झाला की त्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक तयार होतं आणि कॅटालेज ते मोडून टाकतं. या दोन वजाबाक्या झाल्यावर जे कडं उरेल, त्याबद्दल बोलायचं.

न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन यांनी १९८०च्या दशकात हेच केलं. कॅटालेज घालूनही मानुका या तिथल्या झुडपाच्या मधाचं कडं टिकून राहिलं. कशामुळे, ते कळेना. म्हणून मोलन त्या अज्ञात घटकाची ताकद फिनॉल या जंतुनाशकाच्या द्रावणाशी ताडून सांगत राहिले. तो घटक म्हणजे मिथाइलग्लायॉक्झाल हे रसायन आहे, हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलं. मधल्या वर्षांत मोलन यांनी मोजता येईल तेवढंच छातीठोकपणे सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं. पुढे असंही दिसलं की तो घटक मकरंदातल्या डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोनपासून मध साठवणीत असताना हळूहळू बनतो. म्हणजे एकच मध यंदा मोजला आणि पुढच्या वर्षी मोजला, तर आकडा वेगळा येईल. बाटलीवर मध काढल्याची तारीख नसेल तर तो नमुना बाजूला ठेव.

आपल्याकडचं काम मात्र आधी वाच. सोलापूरचे शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावर लावायचं नेहमीचं औषध. मध लावलेल्या जखमा लवकर जंतुमुक्त झाल्या, लवकर भरल्या. आज जगभरातले समीक्षक भाजलेल्या जखमा आणि मध यावर लिहायला बसले की सोलापूरपाशी येतातच, आणि याचा मला अभिमान आहे. तरीही दोन शंका तू मनात धर. असे बरेचसे प्रयोग एकाच केंद्रातले आहेत. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझिनमुळे जखम भरायला उशीर होतो, असं पुढे दिसून आलं. मग मध किती सरस ठरला आणि समोरचं औषध किती कमी पडलं, हे वेगळं कसं काढणार? हा प्रश्न घेऊन एखाद्या जळीत विभागात गेलीस, तर पाचेक वर्षं सार्थकी लागतील.

नमुन्यांसाठी दुकानात जाऊ नकोस. २०२० साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने १३ ब्रँड तपासले, त्यातले १० भेसळीच्या कसोट्यांत नापास झाले. थेट मधपाळाकडे जा. गाव, तारीख, आजूबाजूचा फुलोरा, माशी देशी सातेरी की परदेशी मेलिफेरा, सगळं तिथेच वहीत उतरव. मेणाने बंद केलेल्या घरांतलाच मध घे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याचं प्रमाण बघ. मध गरम करू नकोस, उजेडात ठेवू नकोस, नाहीतर ते ग्लुकोज ऑक्सिडेजच निकामी होईल. मधपाळ ‘जांभूळ’ म्हणाला तरी परागकण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचेच. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतल्या लोकांशी आधीच ओळख करून घे. कारवीवर मात्र प्रबंध बेतू नकोस, ती बरीच वर्षं फुलत नाही आणि फेलोशिप तेवढी थांबत नाही.

प्रोपोलिसबद्दल इतकंच: माशी झाडांचा राळ-डिंक गोळा करून ते बनवते, त्यामुळे ब्राझीलच्या प्रोपोलिसवरचा निष्कर्ष सह्याद्रीतल्या प्रोपोलिसला लावता येत नाही.

मधमाशीच्या विषाबद्दल मला जास्त काळजी वाटते. त्यातलं मेलिटिन पेशीचं आवरण फोडतं. बशीतल्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, पण तांबड्या रक्तपेशीही फुटतात. असं काही प्रसिद्ध केलंस की रुग्णांचे नातेवाईक फोन करतील, रात्रीबेरात्री करतील. त्यांचं सगळं ऐकून घे, पण मात्रा सांगू नकोस, डंख घ्यायला तर मुळीच सांगू नकोस. अ‍ॅलर्जी असलेला माणूस एका डंखानेही दगावू शकतो. कुणी तान्ह्या बाळाला मध चाटवायचं विचारलं, तर स्पष्ट नाही म्हण. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक विष बनवणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या मुलाला मध द्यायचा नाही. आजी रागावली तरी चालेल.

आणि स्वतःची अ‍ॅलर्जीची तपासणी करून घेतल्याशिवाय पेट्यांजवळ जाऊ नकोस.

महाबळेश्वरकडे जांभळाचा मध उन्हाळ्यात निघतो, त्याआधी मधपाळांशी बोलून ठेव. आराखड्यातलं नमुने कुठून आणि कसे घेणार ते पान मला आधी पाठव, बाकीचं मागाहून आलं तरी चालेल.

सस्नेह आशीर्वाद.