परभणीहून नोकरीसाठी बर्लिनला चाललोय, पोचल्यावर सगळ्यात आधी काय करावं?

सगळ्यात आधी पत्त्याची नोंदणी करा, तिला इथं आनमेल्डुंग म्हणतात, घरात राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांच्या आत करायची असते अन् बाकीची बरीच कामं तिच्यावरच अडतात. मी जिंतूरचा, 4 वर्षं झाली इथं, म्हणून सांगतो. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टानं घरी येतो, तो नसला तर कंपनी जास्तीच्या दरानं टॅक्स कापू शकते, तो नंतर परत मिळतो पण सुरुवातीला हात लई आखडतो. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते अन् लवकर मिळत नाही, सकाळी सकाळी वेबसाइट परत परत उघडून बघा, बर्लिनमधलं कोणतंही बुर्गरआम्ट, म्हणजे नोंदणी करायचं सरकारी ऑफिस, चालतं. आणि टपालपेटीवर, बेलवर आपलं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवा, साध्या कागदावर लिहिलेलं असलं तरी चालतं, कारण इथं पत्त्यात शक्यतो फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघूनच पत्र टाकतो, नाव दिसलं नाही की पत्र माघारी.

फक्त एक गोष्ट, नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो अन् तात्पुरत्या खोल्या देणारे बरेच जण तो देत नाहीत, त्यामुळं भाडं ठरवतानाच आनमेल्डुंग होईल का ते लेखी विचारून घ्या, पैसे त्याच्यानंतरच.

शनिवारी रात्री उतरत असाल तर शेंगाची चटणी अन् भाकरी सोबत ठेवा, रविवारी मोठी स्टेशनं सोडली तर दुकानं बंद असतात. तूप, पेढे आणू नका, दुधाचे पदार्थ आत येऊ देत नाहीत.