ताळगाव ते कांपाल नाल्याकाठाने चालायचा आणि सायकलचा जोडमार्ग करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ताळगावातले तुम्ही दहा-बारा जण सांतिनेजच्या नाल्याकाठाने पणजीतल्या कांपालपर्यंत हिरवा मार्ग सुचवू पाहताय, आणि पंचायतीपुढे पहिला कागद कसला ठेवावा ते कळत नाही. मी रायबंदरचा. सर्व्हे आणि ड्रॉइंगच्या कामात वीसेक वर्षं गेली. असे दोन-तीन मार्ग कागदावर काढले, त्यातला एक बांधून झाला आणि फसला. म्हणून आधी त्याचंच सांगतो.

मार्ग नदीकाठचा, दिसायला झकास. उद्घाटनानंतर पंधरवड्याने मी सकाळी सहाला तिथे जाऊन उभा राहिलो. पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आला. कॅरिअरवर ती भलीथोरली टोपली, वर निळं प्लास्टिक, हातात भोंगा. मार्गाच्या तोंडाशी स्कूटरी शिरू नयेत म्हणून आम्ही दोन-दोन फुटांवर लोखंडी खांब रोवले होते. त्याने खांबांकडे पाहिलं, मागे टोपलीकडे पाहिलं, आणि पों-पों करत बसच्या मागून रस्त्यानेच निघून गेला. स्कूटरवाले बाजूच्या गवतावरून चढायचे ते चढतच होते. दुसऱ्या टोकाला तर आणखी गंमत: बाजार चाळीस मीटरांवर असताना मार्ग संपला, कारण मधली मोरी एका खात्याची आणि पलीकडचा फूटपाथ दुसऱ्याचा. तिथे आठ इंचांची कड. म्हातारी माणसं तिथवर येऊन परत फिरत.

त्या चाळीस मीटरांनी सगळा मार्ग खाल्ला. म्हणून तुमचा पहिला कागद सुंदर नकाशा नसू दे, तुटलेल्या जागांची यादी असू दे. टेप घेऊन चाला. कुठे कड उंच, कुठे विजेची डीपी पेटी मधोमध, कुठे नाल्यावर स्लॅब घालून गाडे लागलेत, कुठे रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागतो, प्रत्येक जागेचा फोटो आणि मोजमाप. आयआरसी-१०३ ही इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा मागते. सायकल आणि पायी दोन्ही एकत्र हवं असेल तर ३ मीटरच्या आसपास धरा. एवढी जागा सलग मिळत नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. तिथे मार्ग शेजारच्या गल्लीतून वळवा, हरकत नाही, तोडू नका.

मग जमीन. प्रत्येक तुकड्याचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) काढा. कोमुनिदादीची (गावकीच्या जुन्या संस्थेची), खासगी, सरकारी असा रंग नकाशावर भरला की अर्धं काम झालं. ओडीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, मार्ग दाखवला गेला नाही तर उद्या कोणीही तिथे कुंपण घालेल. आणि भरतीचं पाणी आत येतं तिथे सीआरझी, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाचे नियम, आलेच. खारफुटीला हात लावायचा विचारसुद्धा नको.

खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधांचा मोह मात्र आवरा. नकाशावर ते तयार रस्ते वाटतात, पण बांध चिखलमातीचा आणि चिऱ्यांचा, दरसाल डागडुजी मागणारा. त्यावर रोलर फिरवून काँक्रीट ओतलं की बांध खचतो, फुटला की खारं पाणी शेतात. मानशीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत, माती घेऊन जायला शेतकऱ्याला वाट हवी असते, तीही तुमच्या रेलिंगने अडते. बांधावरून पायी जाऊ द्या, बस्स.

सिंगापूरने ३०० किलोमीटरांहून जास्त पार्क कनेक्टर, म्हणजे बागा जोडणाऱ्या वाटा, उभे केले, त्यातले बरेच पावसाळी नाल्यांच्या काठच्या राखीव पट्ट्यांतून. नाला साफ करायला लागणारी जागाच त्यांनी चालायला दिली. आपल्याकडे सगळे नाल्याकडे पाठ फिरवतात ते याच जागेवर घरं आणि गॅरेजं आली म्हणून. ज्या दिवशी लोक तिथून चालू लागतील त्या दिवशी कचरा टाकणाऱ्याला निदान इकडेतिकडे बघावं लागेल.

पृष्ठभागाबद्दल एकच सांगतो: पेव्हर नको. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, जुलैत पेव्हरवर शेवाळ, आणि झाडाचं मूळ आलं की ठोकळे वर. खरखरीत काँक्रीट, मीटरला दोन सेंटिमीटर उतार. दिवे लावाच, डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि बायका अंधारात तिथून जाणार नाहीत.

जोडणी म्हणजे फक्त रस्ता असंही धरू नका. रायबंदर-चोडण फेरीबोटीतून पलीकडे उतरलात की सलीम अली पक्षी अभयारण्य समोर. रायबंदर-पणजी तीन किलोमीटरांचा कॉजवे, १६३३-३४चा पोंत द लिन्यारिश, मिठागरांमधून जाणारा सपाट आणि सरळ, सायकलीसाठीच बांधल्यासारखा. आज त्यावर सायकल म्हणजे धाडस. या दोन गोष्टी तुमच्या नकाशावर येऊ द्या, नाहीतर कांपालपाशी पुन्हा चाळीस मीटरांचीच गोष्ट.

एक खटकणारी बाब. अमेरिकेतल्या अटलांटाची बेल्टलाइन, जुन्या रेल्वेमार्गांचं ३५ किलोमीटरांचं वर्तुळ, १९९९ साली रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघाली. मार्ग गाजला, भोवतालच्या घरांचे भाव चढले, आणि परवडणाऱ्या घरांकडे पुरेसं लक्ष नाही म्हणून २०१६ साली ग्रॅव्हलनेच तिथल्या मंडळाचा राजीनामा दिला. गोव्यात फ्लॅटांचे दर कोण वाढवतं ते मी तुम्हाला काय सांगू. नाल्याकाठी भाड्याने राहणाऱ्यांना पहिल्या बैठकीतच बोलवा.

आणि गणती करा: दोन दिवस, सकाळी सहा ते नऊ, एका तिठ्यावर बसून. कोण सायकलवर येतं, कुठून वळतं, कुठे उतरून सायकल ढकलतं. शाळेची मुलं, बांधकामावरचे मजूर, मळ्याच्या मारुतीला जाणारे. पोदेराला मात्र परतीच्या वाटेवर गाठा. टोपली भरलेली असताना तो थांबणार नाही, उंडे (गोल पाव) गार होतात.