मुलाची थेरपी आठवड्यातून एकदाच होते. तेवढ्याने फरक पडतो का? पालक म्हणून मी नेमकं काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, चार-पाच शब्दच बोलतो आणि हाक मारली तर बऱ्याचदा वळून बघत नाही. काही महिन्यांपासून आठवड्यातून एकदा पाऊण तास थेरपी चालू आहे. तो आत असतो, तुम्ही बाहेर. शेवटच्या पाच मिनिटांत थेरपिस्ट घरी काय करायचं ते सांगतात, पण घरी गेल्यावर ते होत नाही. म्हणून सेशन वाढवावीत की थेरपिस्ट बदलावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं लहान मुलांच्या विकासाच्या थेरपीत काम करते आहे. मला वाटतं, या दोन्हींच्या आधी एक गोष्ट करा. बाहेरच्या खुर्चीवरून उठा आणि आत जाऊन बसा.

साधा हिशेब बघा. या वयाचं मूल दिवसाला अकरा-बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ऐंशी तास. त्यातला पाऊण तास थेरपिस्टचा. सेशन दुप्पट केली तरी दीड तास होतो. शिवाय इतकी लहान मुलं एका खोलीत शिकलेलं दुसऱ्या खोलीत आपोआप वापरत नाहीत. थेरपिस्टच्या टेबलावर ठोकळा मागणारा मुलगा घरी पाणी मागेलच असं नाही. त्याच्यासाठी ती वेगळी जागा, वेगळं माणूस आणि वेगळा प्रसंग असतो. म्हणून या वयात थेरपिस्टचं खरं काम असतं ते ऐंशी तास ज्यांच्या हातात आहेत त्यांना तयार करणं.

हा विचार नवा नाही. १९६९मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचा प्रकल्प सुरू झाला. ग्रामीण भाग, घरं लांब लांब, मुलांना रोज केंद्रात आणणं अशक्य. म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायची, आईवडिलांना एखादी गोष्ट करून दाखवायची, त्यांच्याकडून करून घ्यायची आणि आठवडाभर त्यांच्यावर सोपवायची. ही पद्धत पुढे कितीतरी देशांत पोचली. अलीकडचं उदाहरण ब्रिटनमधल्या पॅक्ट या अभ्यासाचं आहे. त्यात दोन ते पाच वर्षांची ऑटिझम (स्वमग्नता) असलेली १५२ मुलं होती. एका गटाच्या पालकांना त्यांचेच मुलासोबत खेळतानाचे व्हिडिओ दाखवून, मूल कुठे प्रतिसाद देतंय ते ओळखायला शिकवलं. थेरपिस्टने मुलाला स्वतः शिकवण्याऐवजी पालकांसोबत काम केलं. पहिला निकाल २०१०मध्ये आला, तेव्हा पालक-मुलांच्या संवादात स्पष्ट सुधारणा होती, पण ऑटिझमच्या लक्षणांत फारसा फरक नव्हता. त्याच मुलांना जवळपास सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा तीव्र लक्षणं असलेल्यांचं प्रमाण या गटात ४६ टक्के होतं आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ६३ टक्के. हा चमत्कार नाही, पण पालकांनी शिकलेलं इतकी वर्षं टिकतं ही मला मोठी गोष्ट वाटते.

आत बसायला काही ठिकाणी नकार मिळतो. ‘तुम्ही असलात की तो लक्ष देत नाही,’ असं सांगतात. पहिल्या एक-दोन वेळा ते खरंही असतं, मूल आईकडेच धावतं. पण मुलाला आईपासून दूर ठेवून शिकवायचं आणि मग घरी आईनेच सगळं करून घ्यायचं, ही मांडणीच उलटी आहे. शांतपणे आग्रह धरा. आत गेल्यावर नुसतं बघत बसू नका. थोडा वेळ थेरपिस्टचं पाहून झालं की म्हणा, ‘आता मी करते, तुम्ही बघा आणि मला सांगा.’ पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल, सगळ्यांना होतं. पण हात कुठे धरायचा, किती थांबायचं, कधी बोलायचं हे करतानाच समजतं, शेवटच्या पाच मिनिटांच्या सूचनांतून नाही.

निघण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा. ‘हे आमच्या दिवसात नेमकं कधी करायचं?’ उत्तर ‘रोज वीस मिनिटं बसवून घ्या’ असं आलं तर तुमचा दिवस कसा जातो ते मोकळेपणाने सांगा. वेगळा वेळ काढायला लावणारा अभ्यास दोन आठवडे चालतो आणि बंद पडतो. तुमच्याकडूनही तो राहून जातोय यात आळस नाही, तो दिवसात बसवूनच दिलेला नाही. अंघोळ, कपडे, जेवण, जिना चढणं, झोपायची तयारी तर रोज होतंच. थेरपी त्यात घालायची.

कपडे घालण्याचं घ्या. टी-शर्ट डोक्यात अर्धा अडकवा आणि थांबा. काही बोलू नका, मनात दहापर्यंत मोजा. तो हालचाल करेल, आवाज काढेल, हात वर करेल किंवा तुमच्याकडे बघेल. यातलं काहीही आलं की लगेच ‘घालू? घातला!’ म्हणत टी-शर्ट खाली ओढा. अंघोळीच्या वेळी तांब्या वर धरून ‘पाणी...’ म्हणा आणि थांबा. बोलायला उशीर होणाऱ्या मुलांशी वागताना मोठ्यांना सगळ्यात कठीण जातं ते थांबणं. दोन सेकंदांत आपण पुन्हा विचारतो, नाहीतर त्याच्याऐवजी करून टाकतो. काही मुलांना ऐकलेलं पोचायला आणि उत्तर जुळवायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तोपर्यंत त्यांची पाळी निघून गेलेली असते.

‘हे काय? रंग कुठला? भू-भू कसा करतो?’ हे प्रश्न निम्म्याने कमी करा. ती परीक्षा होते, आणि उत्तर येत नसलेलं मूल परीक्षा घेणाऱ्यापासून तोंड फिरवतं. त्यापेक्षा तो जे बघतोय त्याचं नाव घ्या. गाडी उलटी करून चाक फिरवत असेल तर ती सरळ करून ‘अशी खेळायची’ म्हणू नका. त्याच्यासमोर खाली बसा, चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर आणा आणि ‘गोल गोल’ म्हणा. आवडती वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा, म्हणजे मागायला कारण मिळेल. मात्र ‘बोलल्याशिवाय द्यायचंच नाही’ हा सल्ला कुणी दिला तर मानू नका. बोट दाखवणं, हात ओढणं, नजर हेही मागणंच आहे. ते स्वीकारा, तुम्ही शब्द म्हणा आणि वस्तू द्या. अडवून धरलं की मूल बोलायला शिकत नाही, रडायला शिकतं.

कानांची तपासणी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर या आठवड्यातच वेळ घ्या. मोठ्या आवाजाला दचकतो म्हणजे ऐकू येतं असं समजू नका, काही आवाज ऐकू येऊन बोलण्यातले बारीक आवाज न येणं शक्य असतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकणं मंदावतं. जन्मल्यावर चाचणी नीट आली असली तरी पुन्हा करा, कारण काही मुलांची श्रवणशक्ती नंतर कमी होते. जगभर नवजात बाळांसाठी १-३-६ असा दंडक पाळायचा प्रयत्न असतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार. १९९८मध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत लक्षात आला त्या बाळांची भाषा, उशिरा लक्षात आलेल्यांपेक्षा पुष्कळ चांगली झाली. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त आणखी लांबवू नका.

हाकेला न वळणं ऑटिझममध्येही दिसतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची छोटी प्रश्नावली आहे, विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडे ती भरून घ्या. ती निदान करत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच सांगते. निदान व्हायला वेळ लागला तरी थेरपी त्यासाठी थांबवू नका. बोलायला लागलेले शब्द किंवा येत असलेल्या गोष्टी मुलाने सोडल्या असतील तर मात्र आधी डॉक्टर गाठा.

घरात दोन भाषा बोलत असाल आणि कुणी एक बंद करायला सांगितलं असेल, तर तसं करू नका. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही. ज्या भाषेत तुम्ही सहज हसता-रागावता, तीच त्याच्याशी बोला.

पालकांनी शिकायचं म्हटलं की आईच्या मनात पहिलं येतं, ‘म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.’ एके काळी डॉक्टरच असं म्हणायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर आईच्या थंडपणामुळे मुलाला ऑटिझम होतो असं मानलं जाई. १९६४मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता, त्याविरुद्ध सविस्तर मांडणी केली आणि ती समजूत मोडीत निघायला सुरुवात झाली. तुमच्यामुळे उशीर झालेला नाही. तुम्हाला बोलावतात कारण मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ तुम्ही असता. आणि ‘तुम्ही’ म्हणजे एकटी आई नव्हे. घरात ‘याचा बापही उशिराच बोलला’ असं म्हणणारं कुणी असेल तर वाद घालू नका, त्यांना एकदा सेशनला सोबत न्या. वडिलांना एक काम पूर्ण सोपवा, उदाहरणार्थ रात्री झोपवणं. तुमचीच झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर तेही थेरपिस्टला सांगा आणि स्वतःसाठी मदत घ्या. मुलाच्या थेरपीचाच तो भाग आहे.

ध्येय काय ठरलंय तेही विचारा. ‘शब्दसंग्रह वाढवणे’ यावरून तुम्हाला काहीच ओळखता येणार नाही. ‘तहान लागली की रडण्याऐवजी पेल्याकडे बोट दाखवेल’ हे ओळखता येईल. १९८६च्या अमेरिकन कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कुटुंबाच्या गरजा धरून लेखी योजना करायची पद्धत आणली, आणि ती दर सहा महिन्यांनी तपासली जाते. तुम्ही कुठेही असलात तरी अशी एक पानाची योजना मागू शकता. महिन्यातून एकदा त्याच प्रसंगाचा, म्हणजे कपडे घालतानाचा किंवा खेळतानाचा, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून तारखेसह ठेवा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की दिसतो. थेरपिस्टलाही त्यातून घरचं मूल कळतं.

आता थेरपिस्ट बदलण्याचं. दोन महिने असं करून पाहा. त्यानंतरही त्या तुम्हाला आत घेत नसतील, एखादी गोष्ट का करतोय ते सांगू शकत नसतील, काही जमत नसताना योजना तीच ठेवत असतील, तर बदला. ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. सेशन वाढवायची की नाही हे कानांचा आणि एम-चॅटचा निकाल आल्यावर ठरवा. काही मुलांना खरोखरच जास्त तास लागतात. तेव्हा वाढवा, पण वाढलेल्या सेशनलाही आत बसा.