रँडला मारलं चापेकरांनी, मग आत टिळक कसे?

प्रश्न : पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा, रँडचा खून चापेकर बंधूंनी केला ना, मग १८९७ मध्ये शिक्षा टिळकांना का झाली?

उत्तर : अहो, खुनासाठी नाहीच झाली! प्लेगच्या तपासणीत गोरे सोल्जर बूट घालून थेट देवघरात घुसायचे, पुणं आधीच भडकलेलं, त्यात २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने शोधायला घेतलं की लोकांना चिथवलं कोणी. आठवडाभर आधीच टिळकांच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवातलं अफझलखान वधावरचं भाषण छापून आलेलं, तेच पकडून राजद्रोहाचा खटला भरला. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी, आणि निकालही सहा विरुद्ध तीन, आता काय बोलणार! १८ महिने सक्तमजुरी. दामोदर चापेकरांना फाशी झाली ती नंतर, एप्रिल १८९८ मध्ये, येरवड्याला.