बायोप्सीत ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह पण रक्तात इस्ट्रोजेन कमी, तर बायोप्सी चुकली का? (जाऊबाईंच्या रिपोर्टबद्दल)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. जाऊबाई ४६ वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन-केमो होऊन दोन वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी चालू, आता डॉक्टर त्याऐवजी लेट्रोझोल सुरू करू म्हणतायत म्हणून रक्तातलं एफएसएच (अंडाशयाला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, अंडाशय थकलं की वाढतं) आणि इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) करून आणायला सांगितलं, इस्ट्राडिओल आलं १४ आणि तुम्ही विचारताय की रक्तात इस्ट्रोजेनच नाही तर बायोप्सीत ईआर ८ पैकी ८ कसं आलं. नाही हो, बायोप्सी चुकलेली नाही. दोन्ही टेस्ट वेगवेगळं सांगतात.

आपल्या सोलापूरचंच घ्या. घरात नळाचं कनेक्शन आहे का हा एक प्रश्न, आणि आज पाणी आलंय का हा दुसरा, चार-पाच दिवसाआड पाणी बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ईआर म्हणजे कनेक्शन, गाठीच्या पेशीत इस्ट्रोजेन पकडणारी जागा आहे का ते. ते गाठीच्या तुकड्याला खास रंग लावून बघतात, किती पेशी रंगल्या त्याचे ५ मार्क आणि किती गडद रंगल्या त्याचे ३, असे ते ८. रक्ताच्या टेस्टमध्ये ईआर कळतच नाही. इस्ट्राडिओल म्हणजे त्या दिवसाचं पाणी, बस्स.

आता पाणी दोन ठिकाणाहून येतं. अंडाशय म्हणजे महापालिकेचं पाणी, आणि दुसरं घरचं बोअर, म्हणजे अंगातली चरबी, स्नायू वगैरे, तिथं अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतं, पाळी गेल्यावरसुद्धा. लेट्रोझोल फक्त बोअर बंद करतं. महापालिकेचं चालू असेल तर त्याचा उपयोग नाही, उलट इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदू अंडाशयाला अजून जोर लावायला सांगतो आणि झोपलेलं अंडाशय उठून बसतं. टॅमॉक्सिफेनचं तसं नाही, ते नळाच्या तोंडालाच बूच मारतं, पाणी कुठूनही येवो. म्हणून गोळी बदलायच्या आधी डॉक्टर ही टेस्ट करायला लावतायत, उगाच बिल वाढवायला नाही.

आणि तुम्ही शेवटी एका ओळीत जे लिहिलंय ना, "सहा वर्षांपूर्वी पिशवी काढली आहे", माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आपल्याकडं बायका "पिशवी काढलीय" एवढंच सांगतात, पण पिशवीबरोबर अंडाशय काढले का ठेवले हे घरात कुणालाच माहीत नसतं. पिशवी नाही म्हणजे पाळी येणारच नाही, मग पाळी गेली का नाही हे पाळीवरून ठरवणार कसं? दोन्ही अंडाशय काढले असतील तर प्रश्नच मिटला, महापालिकेचं पाणी बंदच. ठेवले असतील तर ४६ वय, वर केमो झालेली, अशा बाईचा एकच रिपोर्ट बघून ठरवू नये, केमोनं गप्प झालेलं अंडाशय वर्ष-दोन वर्षांनी परत चालू होऊ शकतं, आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना एफएसएचवर फार भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळं डॉक्टर काही महिन्यांनी परत टेस्ट सांगतील, किंवा अंडाशय गप्प ठेवायला पोटात इंजेक्शन देतील, गोसेरेलिन ३.६ मिलीग्रॅम दर २८ दिवसांनी, ते चालू असलं तरी मधेमधे इस्ट्राडिओल बघतात.

माझं सांगते. माझंही टॅमॉक्सिफेनवरून असंच बदलायचं चाललं होतं. माझा रिपोर्ट आला तर इस्ट्राडिओल भरपूर आणि एफएसएच एकदम कमी, म्हणजे पोरीबाळींसारखा! अंडाशय काढायच्या गोष्टी सुरू झाल्या, घरात रडारड. पुढच्या वेळी मी कापडी पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओतली तर डॉक्टरांनी एक गुलाबी पट्टी उचलली, "ही कधीपासून घेताय?" केमोनंतर केस विरळ आले म्हणून मेडिकलमधून आणलेल्या केसांच्या गोळ्या होत्या, बायोटिन १० मिलीग्रॅम. लॅबच्या काही मशीनवर बायोटिन जास्त असलं की इस्ट्राडिओल खोटं वाढलेलं दिसतं आणि एफएसएच खोटं कमी. चार दिवस बंद ठेवून परत रक्त दिलं तर सगळं उलटं, इस्ट्राडिओल खाली आणि एफएसएच पन्नाशीच्या पुढं. तेव्हा जाऊबाई केसांची, नखांची काही गोळी घेतात का ते आजच विचारा, आणि डॉक्टरांना सांगा.

अजून एक, इतक्या खालच्या आकड्याला साधं मशीन डगमगतं, १४ चं ९ पण येईल नि २० पण. डॉक्टर परत करा म्हणाले तर लॅबमध्ये विचारा की मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (खालचे आकडे जास्त अचूक मोजणारी पद्धत) होतं का, सॅम्पल बाहेर पाठवतात, थोडे दिवस आणि पैसे जास्त लागतात.

सीए १५-३ चौतीस आलं त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. ते हार्मोनच नाही, ट्यूमर मार्कर आहे, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा पदार्थ, लिव्हरच्या त्रासानं किंवा साध्या गाठीनंसुद्धा थोडं वर जातं. त्रास काही नसताना दर तीन महिन्याला ते करत बसायची गरज नसते, मीही आधी करायची आणि रिपोर्ट येईपर्यंत भाकरी गोड लागायची नाही. करायचंच असेल तर त्याच लॅबमध्ये, म्हणजे आकडा चढतोय का ते तरी कळेल.

टॅमॉक्सिफेन मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर सांगेपर्यंत चालूच ठेवा. दुसरं मत हवं असेल तर आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, सगळे ब्लॉक (बायोप्सीचे मेणात जपलेले तुकडे, लॅबकडून मिळतात) आणि फाइल घेऊन जा. आणि ते पिशवीच्या ऑपरेशनचं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात कुठंतरी असेलच. सापडलं तर ऑपरेशनच्या नावापुढं काय लिहिलंय ते इथं टाका, नाव आणि फोन नंबर झाकून.