मिस्सेत रडणारं बाळ आणि चाळणीतले मणी

प्रश्न : ताई, माझं माहेर वसईचं. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला सहा वर्षं झाली. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, पाळीचं काम. माहेरी आजूबाजूला सगळी आपलीच माणसं, दिवेलागणीला घराघरातून जपमाळ ऐकू यायची. इथं आमच्या गल्लीत कॅथलिक घर आमचं एकच. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, गेलं की बाळ रडतं आणि मी त्याला घेऊन बाहेर पायरीवर. महिनाभरात एक प्रवचन धड ऐकलेलं नाही. गेल्या रविवारी मागून कुणीतरी म्हणालं, ‘पोरं आवरत नसतील तर घरी बसावं.’ रात्री जपमाळ हातात घेतली की पाचातल्या दुसऱ्या रहस्यालाच, म्हणजे दहा मण्यांच्या दुसऱ्या फेरीलाच, डोळा लागतो. लग्नाआधीच्या शिबिरात सांगितलं होतं, आईपणात मोठा आनंद असतो. मला तो सापडत नाही. मी कुठं कमी पडते? – एक आई, उचगाव

उत्तर : लेकी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या पायरीवर तुझ्या शेजारीच बसल्यासारखं वाटलं.

आधी मागून आलेल्या त्या बोलण्याचं बघू. ते मनातून काढून टाक. रविवारची मिस्सा चुकवू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकाच्या, 2181व्या परिच्छेदात सूट कुणाला हे सांगताना आजारपणाच्या जोडीनं तान्ह्या मुलांची देखभाल हे कारण चक्क नाव घेऊन दिलेलं आहे. म्हणजे बाळ तापानं फणफणलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अशा रविवारी घरी राहिलीस तर पाप नाही. ही सूट तुझ्यासाठी आहे. तुला बाहेर काढायला ती कुणी वापरू नये. पोप फ्रान्सिस जानेवारीत व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचे, तेव्हा आयांना सांगायचे, बाळ भुकेनं रडत असेल तर खुशाल पाजा, इथंच पाजा. मायकेलअँजेलोच्या चित्रांखाली बाळं रडलेली चालतात, तर आपल्या चर्चमध्ये का नाही?

आता बसायची जागा बदल. रडेल म्हणून आपण मागच्या बाकावर बसतो, आणि तिथून मुलांना दिसतात फक्त माणसांच्या पाठी. ती कंटाळणारच. पुढच्या बाकावर बस. मेणबत्त्या दिसू देत, फादरांचे हात दिसू देत, घंटा वाजवणारा मुलगा दिसू दे. मुलीच्या कानात हळूच सांगत राहा, आता काय होणार आहे ते. बाळ रडलं तर बाहेर जा आणि शांत झालं की परत आत ये. दहा वेळा जावं लागलं तरी ये. मिस्टरांची सुट्टी असेल त्या रविवारी अर्धी मिस्सा पायरी त्यांची, अर्धी तुझी. आदल्या संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते, तेव्हा शनिवारी जमत असेल तर पाळीशी मेळ बसतो. रविवारचं शुभवर्तमान शनिवारी रात्री भांडी आवरल्यावर वाचून ठेव. मग प्रवचन हुकलं तरी हात रिकामे राहत नाहीत.

जपमाळेचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच मिळालं होतं.

माझा धाकटा दीड वर्षाचा होता. रंकाळ्याच्या बाजूला एका वाड्यात आम्हाला एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. ऑक्टोबर महिना, म्हणजे जपमाळेचा. रोज म्हणायचीच असा मी चंगच बांधला होता. आईनं मरताना दिलेली लाकडी माळ होती. तिसऱ्या रहस्याला पोरानं माळेला हिसका दिला, दोरा तुटला आणि मणी घरभर उधळले. ओट्याखाली, पिंपामागं, उंबऱ्याच्या फटीत. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडायला लागला आणि मीही. आवाज ऐकून शेजारच्या काकी आल्या. मराठ्यांच्या घरातल्या, रोज अंबाबाईला जाणाऱ्या. त्यांनी काही विचारलं नाही. खराटा घेऊन सगळी खोली झाडली, केराचा ढीग केला, घरातून पिठाची चाळणी आणली आणि फरशीवर बसून केर चाळायला लागल्या. चाळणीत मणी खडखडला की माझा लेक टाळ्या पिटायचा. प्रत्येक मण्याला टाळी. काकी मुद्दाम चाळणी जोरात हलवायच्या. अर्ध्या तासानं मी त्या दोघांकडं बघून हसत होते, मघाचं रडू गालावर तसंच होतं.

‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणायच्या 53 मण्यांपैकी 51 मिळाले. उरलेले दोन काकींनी आपल्या तुटक्या पोतीतले दिले, काळे, काचेचे. यांनी नायलॉनच्या दोऱ्यात माळ ओवून दिली. आजही तिसऱ्या रहस्यात चौथा आणि सातवा मणी बोटाला गार लागतो. चौथ्याला मी काकींचं नाव घेते, त्या आता नाहीत. सातव्याला लेकाचं. तो पुण्याला असतो.

त्या रात्री जपमाळ पुरी झालीच नाही. पडल्या पडल्या मी नुसती रहस्यं, म्हणजे येशूच्या आणि मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, आठवत होते, आनंदाची. सोमवारी आणि शनिवारी म्हणतो ती. आणि तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं की आपलं चर्च कशाकशाला आनंद म्हणतं. पोटुशी असताना मारिया डोंगराळ मुलखात एलिझाबेथकडं जाते. बाळंतपण परगावी होतं आणि बाळाला निजवायला गव्हाण. मंदिरात बाळाला अर्पण करायला नेलं, तर शिमोन म्हातारा सांगतो की तुझ्या काळजातून तलवार आरपार जाईल. आणि पाचवं रहस्य तर बारा वर्षांचं पोर हरवल्याचं! तीन दिवस आईबाप शोधतायत, सापडल्यावर आई त्याला जाब विचारते, आणि त्यानं दिलेलं उत्तर त्यांना कळलं नाही, असं शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं सरळ लिहून ठेवलंय. हे सगळं आनंदाच्या पाचात धरलेलं आहे. मी लहानपणापासून म्हणत आले होते, पण आई झाल्यावर, धपाटा घालून झाल्यावर, ते मला ऐकू आलं.

म्हणून लेकी, शिबिरात सांगितलेला आनंद शोधू नकोस. तू हसतमुख, मुलं आंघोळ करून शांत, हातात जपमाळ, असं चित्र तुझ्या डोळ्यांसमोर असणार. माझ्याही होतं. तुझा आनंद बहुतेक त्या पायरीवरच आहे. बाळ खांद्यावर झोपतं, आतून गाण्याचा आवाज येतो आणि मुलगी दाराआडून तुला बघून हात हलवते. हे होत असेल ना? त्या वेळी मन ‘आपलं प्रवचन बुडालं’ म्हणून हळहळत असतं, म्हणून ते हातून निसटतं.

जपमाळ एका बैठकीत म्हणायचा हट्ट सोड. दूध वर येईपर्यंत उभं राहायचंच असतं, तिथं एक रहस्य. कपडे वाळत घालताना एक. बाळाला थोपटताना एक, आणि त्याला ऐकू येईल असं म्हण, त्याच्यासाठी तीच अंगाई. रात्री दोन राहिली तर राहू देत. फ्रान्समध्ये झेली मार्टिन नावाची एक बाई होऊन गेली. लेस विणण्याचा स्वतःचा धंदा, नऊ बाळंतपणं, त्यांतली चार मुलं लहानपणीच गेली. तिच्या पत्रांतून कामाचा शीण, मुलींची काळजी, वैताग सगळं उघड दिसतं. 18 ऑक्टोबर 2015 ला पोपसाहेबांनी तिला आणि तिचा नवरा लुई यांना एकाच वेळी संत घोषित केलं. लिझ्यूची संत तेरेझा ही त्यांची शेंडेफळ. तेरेझा लहान असतानाच झेली गेली. तिचा दिवसही घर, धंदा आणि पोरांतच जायचा.

आणि गल्लीत एकटं वाटतं म्हणतेस, तर माहेरून सुकेळी, ती वाळवलेली केळी, आली की चार घरी दे. माझी चाळणी शेजारच्याच घरातून आली होती.

प्रश्न : शेजारी गणपती बसतो. आमचा सहा वर्षांचा मुलगा आरतीला जायचा हट्ट धरतो. पाठवावं का? घरात यावरून वाद होतो. – राजारामपुरी

उत्तर : पाठवा, आणि शक्य असेल तर तुम्हीही जा. शेजाऱ्याच्या घरी आपण पाहुणे, तिथं आदरानं उभं राहायचं. मुलाला घरी सरळ शब्दांत सांगा, त्यांची भक्ती बाप्पाची, आपली येशूची. सहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, 1965 सालीच म्हटलंय की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. वाद घालणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

फक्त मुलाकडं स्वतःचंही काही असू द्या, ज्याला तो मित्रांना बोलावील. आमच्याकडं पोरं दिवाळीचा किल्ला मोडू द्यायची नाहीत. अळीव वाळून जायचे, तटबंदी ढासळायची, तरी किल्ला तसाच. डिसेंबर उजाडला की मावळे उतरवायचे, पायथ्याशी गव्हाण मांडायची आणि त्याच वाटेनं मेंढपाळ खाली यायचे. गल्लीतल्या ज्या पोरांनी किल्ला बांधला, तीच गव्हाणीला पेंढा आणायची. 24 तारखेला रात्री बाळ येशू ठेवायच्या वेळी आमच्या दारात चपला मावायच्या नाहीत.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे, अंगावर पितं. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, उपास नाही केला तर चालेल का? सासूबाई म्हणतात, करायलाच हवा. – गडहिंग्लज

उत्तर : करू नका. चर्चनं सक्तीचे उपास दोनच ठेवलेत, राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे), तेही अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसांना. पाजणारी आई त्यातून मोकळी. सासूबाईंना फादरांशी बोलायला सांगा, त्यांचं त्या ऐकतील. पाळायचं मनात असेलच तर त्या दिवशी मटण तेवढं टाळा आणि मोबाईल बाजूला ठेवा. पण अळिवाची खीर, नाचणीची आंबील, दोन वेळचं जेवण पोटभर घ्या.

पत्रात तुम्ही बाळाचं वजन लिहिलेलं नाही. ते मला नक्की कळवा.